तालुक्याच्या ठिकाणी मानसोपचार आणि मोफत मदत: नक्की कुठे जायचं, काय विचारायचं?

निशिगंध

आमच्याकडे तालुक्याच्या गावी स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींसाठी सार्वजनिक अभ्यासिका आहे. तिथल्या भिंतीवर मानसिक आरोग्याच्या मदतीचा एक कागद लावायचा आहे. हेल्पलाइनचे नंबर छापलेले कागद बऱ्याच ठिकाणी दिसतात, पण फोन लावल्यावर पलीकडे कोण असतं, ती व्यक्ती काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे त्यावर कुठेच नसतं. एकदा फोन लागला नाही की मुलं पुन्हा लावत नाहीत.

येणारी मुलं साधारण १८ ते ३० वयाची आहेत. घरून येणाऱ्या पैशांत खोली, मेस आणि पुस्तकं कशीबशी भागतात. जिल्ह्याचं ठिकाण एसटीने दीड तासावर. गावात एमबीबीएस आणि बीएएमएस डॉक्टर आहेत, मानसोपचारतज्ज्ञ एकही नाही. 'समुपदेशन केंद्र' अशी एक पाटी मात्र आहे.

मला हवं ते असं: पैसे नसताना पहिल्यांदा कुठे जायचं? पाटी लावलेली व्यक्ती खरोखर शिकलेली आहे का, हे घरबसल्या कसं तपासायचं? फोनवरच्या मदतीत कोणता नंबर कशासाठी? अनुभवी लोकांनी नेमकं सांगावं, म्हणजे ते तसंच कागदावर उतरवता येईल.

---

वाटाड्या

सरकारी दारापासून सुरुवात करतो, कारण पैसे नसलेल्या माणसाला नियमित तपासणी, औषधं आणि फॉलोअप या तिन्ही गोष्टी एका जागी तिथेच मिळतात. बहुतेकांना हे ठाऊकच नसतं.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून चालू आहे. त्याखाली जिल्हा रुग्णालयात, म्हणजे लोक ज्याला 'सिव्हिल' म्हणतात तिथे, मानसोपचाराची ओपीडी असते. पथकात मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मनोविकार सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका अशी पदं मंजूर असतात. ज्या जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे तिथे त्या रुग्णालयाचा मनोविकृतीशास्त्र विभाग बघा. याशिवाय ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. नावामुळे लोक बिचकतात, पण त्यांच्याही बाह्यरुग्ण विभागात सकाळी जाऊन, दाखवून, दुपारी घरी परतता येतं. दाखल व्हावं लागत नाही.

पैशांचं गणित असं आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केस पेपरसाठीही काही द्यावं लागत नाही. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या खात्याखाली येतात, तिथे केस पेपरला थोडे पैसे पडतात. म्हणून खिशात थोडी चिल्लर असू द्यावी.

आता दीड तासाच्या प्रवासाबद्दल. एसटीत बसण्याआधी आपल्याच तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करा. जिल्ह्याचं पथक ठरलेल्या वारी तालुक्यांना भेट देतं. प्रश्न असा विचारा: 'जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर इथे कोणत्या तारखेला येतात?' नुसतं 'मानसोपचाराचे डॉक्टर आहेत का?' विचारलंत तर खिडकीवरून 'नाहीत' एवढंच ऐकायला मिळेल, आणि ते खोटंही नसतं. गावच्या आशाताईंनाही भेटीचे दिवस माहीत असतात. मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत २०१५ पासून शेतकऱ्यांसाठी समुपदेशनाचा 'प्रेरणा प्रकल्प' राबवला गेला. शेतकरी कुटुंबातल्या मुलामुलींनी त्याबद्दलही विचारावं.

याची दुसरी बाजू अशी की ज्या दिवशी पथक तालुक्याला जातं, त्या दिवशी सिव्हिलमधले मानसोपचारतज्ज्ञ जागेवर नसण्याची शक्यता असते. काही जिल्ह्यांत पद रिकामंही असतं. दीड तास प्रवास करून हात हलवत परतलेला मुलगा दुसऱ्यांदा जात नाही. म्हणून आदल्या दिवशी सिव्हिलला फोन करून मानसोपचार ओपीडीचे वार आणि वेळ विचारून घ्या, आणि तुमच्या कागदावर ते वारच मोठ्या अक्षरात लिहा. माझ्या मते त्या कागदावरची सगळ्यात उपयोगी ओळ तीच ठरेल.

ओपीडी सकाळची असते. केस पेपरची खिडकी लवकर बंद होते, त्यामुळे पहिल्या गाडीने निघावं. सोबत हे असावं: ओळखपत्र, आधीच्या औषधांच्या पट्ट्या (नावं आठवून सांगण्यापेक्षा पट्टीच दाखवलेली बरी), आणि एक पान ज्यावर त्रास कधीपासून, झोप किती तास, जेवण आणि वजनात काय फरक, दारू-तंबाखू किती, घरात कुणाला असा त्रास होता का, आणि जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, एवढं लिहिलेलं असेल. सरकारी ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरांना प्रत्येकाला फार वेळ देता येत नाही. लिहिलेलं पान हातात दिलं की मिळालेला वेळ पुरतो. शेवटचा मुद्दा तोंडाने सांगायला जड जातो, कागदावर लिहिणं त्यामानाने सोपं जातं.

डॉक्टरांनी थायरॉईड, हिमोग्लोबिन किंवा बी-१२ तपासायला सांगितलं तर टाळू नका. थायरॉईडचं काम मंदावलं किंवा रक्त कमी असलं तरी थकवा, मरगळ आणि उदासी अशीच दिसते.

---

शरयू

पाटी तपासण्याबद्दल मी लिहिते. यात फसगत फार होते.

औषध लिहून देण्याचा अधिकार डॉक्टरांचा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेली व्यक्ती. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकला की माहिती उघडते. तिथे फक्त एमबीबीएस बघून थांबू नका, अतिरिक्त पात्रतेच्या रकान्यात मानसोपचाराची पदवी नोंदलेली आहे का ते पाहा. नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, म्हणून मुदतही बघावी.

चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहीत. मानसशास्त्रीय चाचण्या आणि थेरपी हे त्यांचं काम. एमएनंतर दोन वर्षांचं एमफिल हा त्यांचा रुळलेला मार्ग, आणि नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे. इथे एक खाच आहे. आरसीआयचा नोंदणी क्रमांक विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ, पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ अशा अनेकांना मिळतो. त्यामुळे 'आरसीआय नोंदणीकृत' एवढ्यावर विसंबू नका. क्रमांक मागा, परिषदेच्या संकेतस्थळावर टाका आणि प्रवर्ग कोणता लिहिला आहे तो वाचा.

समुपदेशकाची गोष्ट निराळी. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्यात हे क्षेत्र घेतलं आहे, पण तुमच्या गल्लीतल्या पाटीमागच्या माणसाचं शिक्षण पाहायला आजही त्यालाच विचारावं लागतं. मानसशास्त्र किंवा समुपदेशनात एमए, अथवा वैद्यकीय-मनोविकार समाजकार्यात एमएसडब्ल्यू असेल, आणि वरिष्ठांच्या देखरेखीखाली केलेलं काम असेल, तर परीक्षेचा ताण, नात्यांतले प्रश्न, आत्मविश्वास अशा गोष्टींसाठी चांगला समुपदेशक पुरेसा असतो. चार आठवड्यांचं ऑनलाइन प्रमाणपत्र पुरेसं नाही.

पहिल्या फोनवरच हे विचारा. तुमचं शिक्षण काय? एका सत्राचे किती पैसे आणि सत्र किती मिनिटांचं? विद्यार्थ्यांना सवलत आहे का? सत्र रद्द करायचं तर किती तास आधी कळवायचं? औषधाची गरज वाटली तर कोणाकडे पाठवता? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फार बोलकं असतं. 'औषधांची गरजच पडत नाही, मी सगळं बरं करतो' असं ऐकलंत तर तिथे जाऊ नका. चांगला समुपदेशक दोन-तीन मानसोपचारतज्ज्ञांशी जोडलेला असतो आणि ते मोकळेपणाने सांगतो.

सत्र साधारण ४५ ते ५० मिनिटांचं, पहिलं जरा लांबतं. मोठ्या शहरात खासगी सत्राला हजार-दोन हजार रुपये सहज लागतात. बऱ्याच जणांकडे ऐपतीप्रमाणे कमी शुल्काच्या काही जागा राखलेल्या असतात, पण त्या जाहिरातीत दिसत नाहीत. 'मी विद्यार्थी आहे, मला महिन्याला अमुक एवढंच जमेल' असं सरळ सांगायचं. यात मिंधेपणा काही नाही, या व्यवसायात हा प्रश्न रोजचा आहे. आठवड्याला एक सत्र परवडत नसेल तर पंधरवड्याला एक चालेल का, हेही विचारा. उदासी आणि चिंतेसाठी सीबीटी (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारी) पद्धतीची थेरपी साधारण १२ ते २० सत्रांची असते, त्यामुळे पहिल्या दिवशीच पूर्ण खर्चाचा अंदाज घ्या. दोन-तीन सत्रं होऊन गेली आणि आपण कशावर काम करतोय हेच कळत नसेल, तर तसं थेट बोला. थेरपिस्ट बदलणं हा त्यांचा अपमान नाही.

या गोष्टी दिसल्या तर उठून या: इतक्या दिवसांत बरं करण्याची हमी, वीस सत्रांचे पैसे आगाऊ, दुसऱ्या रुग्णांच्या गोष्टी नावानिशी सांगणं, डॉक्टर नसताना गोळ्या देणं, चालू औषध परस्पर बंद करायला लावणं, अंगाला नकोसा स्पर्श. आणि 'बाहेरची बाधा आहे' म्हणत बांधून ठेवणं किंवा मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

गोळ्यांबद्दल दोन शब्द, कारण मुलं इथेच मध्येच सोडतात. उदासीवरच्या औषधांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला सहा ते आठ. मळमळ, अस्वस्थपणा, तोंड कोरडं पडणं हे मात्र पहिल्या आठवड्यातच सुरू होतं. म्हणजे त्रास आधी आणि गुण नंतर, त्यामुळे दहाव्या दिवशी 'उपयोग नाही' म्हणून पट्टी फेकली जाते. बरं वाटायला लागल्यावरही औषध पुढे किमान सहा महिने चालू ठेवतात आणि मग डॉक्टर हळूहळू कमी करतात. पंचविशीच्या आतल्या मुलांमध्ये औषध सुरू करताना किंवा मात्रा बदलताना पहिले काही आठवडे लक्ष ठेवावं लागतं. बेचैनी वाढली किंवा जीव देण्याचे विचार आले तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच कळवायचं. झोपेच्या गोळ्यांचं वेगळं. मित्राची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून क्लोनाझेपाम घेत राहणं अभ्यासिकांच्या भोवती सर्रास चालतं. त्या गोळीची सवय लागते आणि एकदम थांबवली तर त्रास होतो. कागदावर ही ओळ ठळक घ्याच.

---

सांजवारा

फोनवरची मदत दोन जातीची असते आणि ती वेगळी लिहिली नाही तर मुलांचा अपेक्षाभंग होतो.

पहिली टेलि-मानस. नंबर १४४१६, तो लागला नाही तर १८००-८९१-४४१६. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. चोवीस तास, मोफत, मराठीतही. सुरुवातीला भाषा निवडायची. पलीकडे आधी प्रशिक्षित समुपदेशक असतो, तो ऐकून घेतो, झोप, जेवण, विचार यांबद्दल विचारतो. गरज वाटली तर दुसऱ्या पायरीवर तज्ज्ञाकडे जोडून देतात किंवा जवळच्या सरकारी ओपीडीत पाठवतात. 'माझ्या जिल्ह्यात मानसोपचाराची ओपीडी कुठे आहे?' हा साधा प्रश्न घेऊनही फोन करता येतो. संकटातच असलं पाहिजे अशी अट नाही.

दुसरी जात स्वयंसेवी आणि संस्थांच्या हेल्पलाइनची. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या आयकॉलवर (९१५२९८७८२१) प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, ईमेलवरही उत्तर देतात. सोमवार ते शनिवार, सकाळी १० ते रात्री ८. वंद्रेवाला फाउंडेशनचा ९९९९६६६५५५ चोवीस तास चालतो आणि त्यावर व्हॉट्सॲपवर लिहूनही बोलता येतं. चार जणांच्या खोलीत राहणाऱ्या मुलांना आवाज न करता मदत मागता येते, हे फार मोलाचं. पुण्याच्या कनेक्टिंग ट्रस्टचा ९९२२००११२२ दुपारी १२ ते रात्री ८. इथे प्रशिक्षित स्वयंसेवक असतात आणि ते सल्ला देत नाहीत. मन लावून ऐकतात, दोष देत नाहीत, उपाय लादत नाहीत. ज्याला 'काय करू ते सांगा' एवढंच हवं आहे त्याला हा फोन अपुरा वाटेल. ज्याचं ऐकायलाच कुणी नाही, त्याच्यासाठी हाच योग्य.

शाळा-कॉलेजातल्या विद्यार्थ्यांसाठी शिक्षण मंत्रालयाची 'मनोदर्पण' सेवा आहे, ८४४८४४०६३२. व्यसनासाठी १४४४६. १८ वर्षांखालच्यांसाठी १०९८. घरात मारहाण किंवा छळ होत असलेल्या मुलींसाठी १८१.

फोन लागत नाही तेव्हा काय करायचं हेही छापा. रात्री गर्दी असते. दहा मिनिटं थांबून पुन्हा लावा, दोनदा नाही लागला तर यादीतला पुढचा नंबर लावा. नाव सांगणं सक्तीचं नाही. बोलायचं सुचत नसेल तर पहिलं वाक्य वाचूनच दाखवा: 'मला गेले काही आठवडे बरं वाटत नाहीये, कुठून सुरुवात करू कळत नाही.' हे वाक्य कागदावर अवतरणात छापाच. सुरुवात अडते म्हणून किती तरी फोन दुसऱ्या सेकंदाला कट होतात.

फोनवर निदान होत नाही, आणि महिनोन्‌महिने तीच व्यक्ती बोलायला मिळेल याची खात्री नसते. आठवडाभर रोज फोन करूनही झोप आणि जेवण जागेवर येत नसेल तर फोन पुरेसा नाही, ओपीडीला जायचं.

समूहांचं राहिलं. व्यसनमुक्तीसाठी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा अनेक गावांत होतात, मोफत असतात, आणि घरच्यांसाठी अल-अनॉनच्या वेगळ्या. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीत आहे. स्किझोफ्रेनिया असलेल्यांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आधारगट चालवते. ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था १९९० पासून काम करते, तिचं मराठी साहित्य वाचण्याजोगं आहे.

---

निशिगंध

खूप उपयोगी. वाटाड्या दादा, वार विचारून घेतले: महिन्यातून दोन दिवस पथक आमच्या उपजिल्हा रुग्णालयातच येतं, आणि अभ्यासिकेतल्या कुणालाही ते माहीत नव्हतं.

तीन प्रश्न उरले. पहिला, मुलांची सगळ्यात मोठी भीती: 'मानसोपचाराच्या ओपीडीत नाव लागलं तर सरकारी नोकरीच्या वेळी ते निघेल.' दुसरा, ज्याला त्रास आहे तोच जायला तयार नसेल तर मित्रांनी काय करायचं? तिसरा, रात्री अकरा वाजता खरंच जिवावर बेतेल असं वाटलं तर?

---

कलम_अठरा

पहिल्याचं उत्तर. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चं कलम २३ उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क देतं. अपवाद मोजके आहेत: उपचार करणारे इतर तज्ज्ञ, रुग्णाने नेमलेला प्रतिनिधी, जिवाला धोका असेल तेव्हा, न्यायालय वा सक्षम अधिकाऱ्याचा आदेश. ओपीडीत दाखवणाऱ्यांची यादी भरती करणाऱ्या खात्याकडे आपोआप जात नाही. १८ पूर्ण झालेली व्यक्ती एकटी जाऊ शकते, डॉक्टर तिच्या इच्छेविरुद्ध घरी फोन करून उदासीच्या गोळ्यांबद्दल सांगत बसत नाहीत. नोंदणीच्या वेळी 'आभा' (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा) क्रमांक मागितला तर तो देणं ऐच्छिक आहे, त्याशिवायही केस पेपर मिळतो. मात्र भरतीच्या वैद्यकीय तपासणीत थेट प्रश्न विचारला गेला तर खोटं उत्तर देऊ नका. लपवलेलं नंतर उघड झालं तर त्याचीच अडचण होते. पोलीस किंवा सैन्यासारख्या सेवांचे वैद्यकीय निकष वेगळे असतात, ते त्या त्या जाहिरातीत वाचावेत.

माझं नाव ज्या कलमावरून घेतलं आहे तेही सांगतो, कारण खिडकीवर वाद झाला तर कामी येतं. कलम १८ प्रमाणे सरकारी निधीतून चालणाऱ्या सेवेत मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालच्या आणि बेघर व्यक्तीला ते मोफत मिळाले पाहिजेत, हातात शिधापत्रिका किंवा दाखला असो वा नसो. आवश्यक यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीपासून वर विनामूल्य उपलब्ध असायला हवीत. 'औषध संपलंय' असं सांगितलं तर भांडत बसू नका, मूळ औषधाचं नाव चिठ्ठीवर लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रात बघा. वारंवार असं होत असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी अर्ज द्या आणि पोचपावती घ्या. मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० हा नंबर आहे.

आत्महत्येच्या प्रयत्नानंतर पोलीस केसच्या भीतीने दवाखाना टाळू नका. कलम ११५ सांगतं की अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरायचं, तिच्यावर खटला नाही, आणि सरकारने तिला उपचार द्यायचे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या कलम ३०९ सारखं सरसकट कलमही ठेवलेलं नाही. दवाखान्यात मेडिको-लीगल (पोलिसांना कळवण्याची) नोंद होते, त्याचा अर्थ गुन्हा दाखल झाला असा नाही.

विम्याबद्दल थोडक्यात: याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्यावं लागतं. पण बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरचाच खर्च देतात, समुपदेशनाच्या सत्रांचा नाही. आणि 'निरामय' योजना मानसिक आजारासाठी नाही. ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी आहे. हा गोंधळ नेहमीचा, अर्ज करून लोक महिने घालवतात.

---

शरयू

जो जायला तयार नाही त्याला 'तुला मानसोपचाराची गरज आहे' असं म्हणू नका. जे दिसतं ते सांगा: 'तीन आठवडे तू जेवायला खाली आला नाहीस, रात्री तीनपर्यंत जागा असतोस, मला काळजी वाटतेय.' मग थांबा. उत्तर यायला वेळ लागतो. त्यानंतर छोटी आणि ठोस गोष्ट पुढे करा: 'गुरुवारी पथक येतंय, मी सोबत येतो, नंबर मी लावतो.' झोपेच्या तक्रारीसाठी डॉक्टरांना भेटणं बऱ्याच मुलांना पटतं, तेवढ्याने सुरुवात झाली तरी चालेल. तो नाहीच म्हणाला तर मित्र स्वतः १४४१६ वर फोन करून 'मी काय करू?' विचारू शकतो. हे फार कमी लोकांना माहीत आहे. सबबी, टोमणे, 'एवढ्यात काय झालं, बाकीचे पण अभ्यास करतातच की' हे सगळं टाळा. आई-वडिलांना परस्पर कळवण्याआधी त्याला विचारा, जिवाला धोका असेल तेव्हा मात्र विचारत बसू नका.

पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीत मिळते, गुण ० ते २७. १० किंवा जास्त आले तर दाखवून घ्यावं. ती निदान करत नाही, पण 'मला खरंच काही होतंय का' या घोळात अडकलेल्याला निर्णय घ्यायला मदत करते. नवव्या प्रश्नाला शून्य सोडून काहीही उत्तर आलं तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी कुणाशी तरी बोलायचं. तो प्रश्न जीव नकोसा वाटण्याबद्दलचा आहे.

आता रात्री अकराचं. 'तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतायत का?' असं थेट विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत, उलट सांगायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, खोलीतून गोळ्यांचा साठा, कीटकनाशक, धारदार वस्तू हलवा किंवा कुलपात ठेवा. सोबत बसून १४४१६ लावा. काही ठरवलेलं असेल, काही घेतलं असेल किंवा दुखापत केली असेल तर फोनवर वेळ न घालवता १०८ किंवा ११२, आणि जवळचं कोणतंही रुग्णालय. काही घेतलं असल्यास बाटली किंवा पट्टी सोबत न्या आणि घरगुती उपायाने उलटी करवू नका. 'कुणाला सांगू नकोस' असं वचन देऊ नका. दिलं असेल तर मोडा.

आणि तो शांत झाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा भेटा. संकटाची रात्र सरली की सगळे अभ्यासाला लागतात, पण त्यानंतरच्या काही आठवड्यांतच धोका जास्त असतो.

---

वाटाड्या

निशिगंध, कागदाबद्दल एवढंच. तो दोन ठिकाणी लावा, एक दर्शनी भिंतीवर आणि एक स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला. दर्शनी भिंतीसमोर उभं राहून नंबर उतरवून घ्यायला मुलं लाजतात, आत निवांत फोटो काढता येतो. खाली 'नंबर तपासल्याची तारीख' लिहा आणि तीन महिन्यांनी प्रत्येक नंबर स्वतः लावून बघा, बंद नंबर त्याच दिवशी खोडा. पथकाच्या तारखा महिन्यागणिक सरकतात, त्यासाठी छापील ओळ न ठेवता पेनने लिहायची रिकामी चौकट सोडा. पुढच्या भेटीच्या दिवशी पथकातल्या सामाजिक कार्यकर्त्यांना भेटून अभ्यासिकेत तासभर येऊन बोलायची विनंती करा, जनजागृती हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. पत्र वैद्यकीय अधीक्षकांच्या नावाने द्या आणि दोन तारखा सुचवा. परीक्षेच्या आधीचा आठवडा नको, निकालानंतरचा घ्या.